पहिल्या बाळाच्या आजाराचे नाव



कामगार चळवळीत उभे आयुष्य घातलेल्या माणसाने ह्या व्यासपीठावरून बोनस, कंत्राटी पद्धत किंवा कामगार कायदे ह्यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र आजच्यासाठी निराळाच विषय घेतला आहे. आनुवंशिक चयापचय-रोग आणि मूल पोटात असताना होणारी त्यांची परीक्षा, हा तो विषय. नाव जड आहे, परंतु वस्तू जड नाही. आमचे शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही; जे सांगणार आहोत ते डॉक्टरांना विचारून, पुस्तके वाचून आणि न समजलेले पुन्हा विचारून जमवलेले आहे. तेव्हा शास्त्रीय परिभाषेची अपेक्षा आपण ठेवू नये.

ह्या विषयाकडे आम्हांला रजेच्या अर्जांनी आणले. युनियनच्या कचेरीत रजेचे तंटे नित्य येतात. गावी गेलेला तरुण कामगार पंधरा दिवस जास्त राहतो, परत आल्यावर पगार कापलेला असतो, आणि कारण विचारले तर खाली मान घालून सांगतो की बाळ गेले. हिंजवडी-माणपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आम्ही जी वर्षे काढली, त्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानात येऊ लागली. एखाद्याचा तसाच अर्ज दोन-अडीच वर्षांनी पुन्हा येई. हकीकतही तीच. बाळ जन्मले तेव्हा गुटगुटीत होते. तीन दिवस चांगले दूध प्याले. चौथ्या दिवशी दूध सोडले, मलूल झाले, श्वास जोरात चालू लागला, झटके आले, आणि आठवडा संपायच्या आत सगळे आटोपले. दोन्ही वेळा कागदावर एकच शब्द : जंतुदोष. जंतुदोषाने अर्भके दगावतात हे खरेच आहे. परंतु एकाच आईबापांची दोन बाळे, एकाच वयात, एकाच रीतीने जावीत, ह्याला निव्वळ जंतूंचा योगायोग म्हणायला आमचे मन तयार होईना. डॉक्टरांना विचारता ते म्हणाले, शंका रास्त आहे. अशा वेळी चयापचयाचा आनुवंशिक दोष आहे की काय हे पाहिलेच पाहिजे.

चयापचय म्हणजे काय? आपल्यापैकी पुष्कळांनी मोटारीची किंवा स्कूटरची असेंब्ली लाइन पाहिली आहे. काहींनी तीवर हाडे झिजवली आहेत. लाइनवर पहिल्या ठिकाणी एक भाग बसतो, दुसऱ्या ठिकाणी दुसरा, आणि प्रत्येक ठिकाणी त्या कामाचा माणूस उभा असतो. आता मधल्या एका ठिकाणचा माणूस गैरहजर आहे आणि बदली कामगारही नाही असे समजा. त्याच्या मागे अर्धवट मालाचा ढीग साचेल आणि त्याच्या पुढची माणसे हात चोळीत बसतील. शरीरात अन्नाचे रूपांतर अशाच लाइनींवर होते. दुधातली साखर, डाळीतले प्रथिन, स्निग्ध पदार्थ ह्यांना एकामागून एक पायऱ्यांनी बदलावे लागते, आणि प्रत्येक पायरीवर काम करणारा जो पदार्थ असतो त्याला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. एखादे विकर जन्मतःच नसले किंवा निकामी असले, तर मागे साचलेला माल विषासारखा बाधतो, किंवा पुढे हवी असलेली वस्तू तयारच होत नाही, किंवा दोन्ही घडते. असे शेकडो रोग आज ठाऊक आहेत. एकेकटा रोग फार विरळा. पण सगळे मिळून पाहिले तर ते तितकेसे विरळ नाहीत.

ढीग कसा साचतो त्यावर रोगाची चाल ठरते. काहींत विष चटकन चढते. अशा रोगाचे मूल आईच्या पोटात सुखरूप असते, कारण तिथे सफाईचे काम वारेतून आईचे रक्त करीत असते. नाळ कापली, दूध सुरू झाले, की मुलाची स्वतःची लाइन चालू होते आणि तीन-चार दिवसांत तुंबते. वर सांगितलेली हकीकत ती हीच. दुसऱ्या प्रकारात साठवण सावकाश होते. मूल वर्ष-दोन वर्षे वाढते आणि मग प्लीहा सुजून पोट मोठे दिसू लागते, सांधे आखडतात, चेहरा जाडसर होतो, किंवा आलेले चालणे-बोलणे हळूहळू निघून जाते. गॉशे, पॉम्पे, म्यूकोपॉलिसॅकॅरिडोसिस अशी ह्यांची नावे आहेत. ती पाठ करण्याची गरज नाही, मात्र एखाद्याच्या कागदावर दिसली तर ओळखता यावीत.

प्रत्येक विकराची उणीव म्हणजे रोग, असेही मात्र नाही. आपल्या मुंबईचे नाव जगभर ज्या रक्तगटाला मिळाले आहे, तो बाँबे रक्तगट 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला. तोही एका विकराच्या आनुवंशिक उणिवेचाच प्रकार आहे. त्या गटाचा मनुष्य अगदी धडधाकट असतो. अडचण येते ती फक्त रक्त चढवायची वेळ आली म्हणजे, कारण त्याला त्याच गटाचे रक्त लागते आणि ते सहसा मिळत नाही.

ह्या शास्त्राचा आरंभ झाला तो लंगोटावर पडलेल्या काळ्या डागावरून. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड ह्यांच्याकडे अशी मुले येत की ज्यांची लघवी हवेत राहिली म्हणजे काळी पडे. त्यांनी 1902 साली दाखवून दिले की हा संसर्ग नव्हे, जन्माबरोबर आलेला रासायनिक फरक आहे. आणि अशा मुलांचे आईबाप पुष्कळदा एकमेकांची चुलत-मावस भावंडे असतात. 1908 साली त्यांनी ह्याच विषयावर व्याख्याने दिली आणि ‘जन्मजात चयापचय-दोष’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. (व्याख्यानांतून कधीकधी असेही काही निष्पन्न होते, हे व्याख्यानमालेच्या चालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.) पुढे 1934 साली नॉर्वेत एका आईने हट्ट धरला. तिची दोन्ही मुले मतिमंद होती व त्यांच्या अंगाला चमत्कारिक वास येई. डॉक्टर फॉलिंग ह्यांनी त्या मुलांच्या लघवीत एक रसायन टाकले, रंग हिरवा झाला, आणि फिनिलकीटोन्यूरिया हा रोग सापडला. त्यावर विशिष्ट आहाराचा उपाय लागू पडतो हे 1953 साली बर्मिंगहॅममध्ये सिद्ध झाले, आणि साठीच्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट गथ्री ह्यांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तो रोग पहिल्याच आठवड्यात ओळखण्याची युक्ती काढली. टिपकागदावरचा तो थेंब आज कित्येक देशांत प्रत्येक बाळाकडून घेतला जातो. आपल्याकडे गोवा राज्याने 2008 साली तसा उपक्रम सुरू केला होता. महाराष्ट्रात मात्र तो थेंब प्रत्येक बाळाचा घेतला जात नाही. ज्या रुग्णालयात सोय असेल तिथे, आणि ज्याला परवडेल त्याचा घेतला जातो.

आता वारशाचा हिशेब. प्रत्येक विकर तयार करण्याची सूचना जनुकात असते आणि प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात : एक बापाकडून आलेली, एक आईकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते. असा मनुष्य निरोगी असतो आणि त्याला वाहक म्हणतात. आपणां प्रत्येकात अशा काही बिघडलेल्या प्रती असतातच. ज्याच्यात एकही नाही असा मनुष्य ह्या मंडपात सापडणार नाही. अडचण तेव्हाच, जेव्हा नवरा आणि बायको दोघे एकाच सूचनेची बिघडलेली प्रत बाळगून असतात. मग दर गर्भारपणी चारांत एक शक्यता अशी की मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. दोन नाणी एकदम उडवली असता दोन्ही काटा पडण्याची जी शक्यता, तीच ही. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक म्हणतात, चारांतले एक गेले, आता पुढली तीन चांगली. नाण्याला मागची आठवण नसते. दर वेळी हिशेब पुन्हा पहिल्यापासून. एका घरात पाचही मुले निरोगी होतील, दुसऱ्या घरात लागोपाठ दोन आजारी निघतील.

काही थोडे रोग निराळ्या वाटेने येतात. त्यांत दोष आईकडून येतो व मुलग्यांनाच भोवतो. हंटर नावाचा रोग त्यांतला. पण बहुतेक चयापचय-रोग दोघांकडून येणारे आहेत, आणि ह्या एका वाक्यासाठी आम्ही येथवर आलो असे म्हटले तरी चालेल. कारण मूल गेल्यावर गावाकडे काय होते ते आपणांस ठाऊक आहे. सून पांढऱ्या पायाची ठरते. देवऋष्याकडे नेतात, अंगारे लावतात, करणी शोधतात, आणि शेवटी दुसरे लग्न सुचवतात. बापाचा वाटा ह्यात नेमका अर्धा आहे हे कोणी म्हणत नाही, कारण कोणाला ठाऊक नसते. आणि ज्या थोड्या रोगांत दोष आईकडूनच येतो, तिथेही तो तिने बाजारातून आणलेला नसतो. तिच्या जन्माच्या वेळी तिला कोणी विचारले नव्हते.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपली जुनी चाल येथे आठवते. आते-मामे भावंडांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा एकाच आजा-आजीकडून आलेला असतो. म्हणून एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. गॅरॉडने लंडनला पाहिले ते हेच. अशी बहुतेक जोडपी निरोगी मुलांचे संसार करतात हेही खरे, तेव्हा कोणाचे ठरलेले लग्न मोडायला आम्ही सांगत नाही. पण घराण्यात अशी बाळे दगावलेली असतील तर लग्नाआधी डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही. आणि नात्यातले लग्न नाही म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. शतकानुशतके त्याच पाच-पंचवीस गावांत सोयरिकी होत आलेल्या जातींत लांबचे नाते कागदावर दिसत नसले तरी रक्तात असतेच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अशा घरात दुसऱ्या वेळी दिवस गेले, तर पोटातले मूल त्या रोगाचे आहे की नाही हे आज सांगता येते. अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत एका बारीक सुईने वारेचा अगदी लहानसा अंश काढून घेतात. किंवा सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाभोवतीचे पाणी, म्हणजे गर्भजल, काढतात. ह्या दोहोंत गर्भाच्याच पेशी असतात. त्यांत हवे ते विकर काम करते की नाही हे मोजतात, किंवा जनुकाची सूचना अक्षर अक्षर वाचून पाहतात. सुईने गर्भपात होण्याची भीती असते. सरावलेल्या हाताखाली ती शेकडा एकाहून कमी असते. निकालाला दोन-तीन आठवडे लागतात, कधी अधिक.

परंतु ह्या परीक्षेची एक अट आहे, आणि आमचे सारे सांगणे तिच्याभोवती फिरते. काय शोधायचे ते आधी ठाऊक असले पाहिजे. लाइन बंद पडली आहे एवढ्यावर फिटर काही करू शकत नाही. कोणते स्टेशन बंद आहे ते त्याला कळावे लागते. मनुष्याची जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. ‘साहेब, पहिले मूल चौथ्या दिवशी गेले, आता पोटातल्याचे सगळे तपासा’ असे सांगून चालत नाही. पहिल्या मुलाला नेमका कोणता रोग होता, कोणत्या जनुकात कोणता बिघाड होता, हे निश्चित असेल तर दुसऱ्या वेळची परीक्षा सरळ, आणि तिचे उत्तर बहुधा स्वच्छ असते. ते ठाऊक नसेल, तर जगातली सर्वांत महाग प्रयोगशाळाही अंधारात चाचपडते.

साध्या सोनोग्राफीवर भिस्त ठेवू नये, हेही येथेच सांगतो. सोनोग्राफी आकार पाहते. तुंबलेली लाइन पाहत नाही. हातपाय, हृदय, डोके सारे नीट असूनही विकर गैरहजर असू शकते. तसेच आईच्या दंडातून रक्त घेऊन गर्भाची जी नेहमीची चाचणी हल्ली शहरात सर्रास करतात, ती डाउन सिंड्रोमसारख्या दोषांसाठी असते. हे रोग तिच्यात दिसत नाहीत. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल होते’ हे वाक्य आम्ही ज्या बापांच्या तोंडून ऐकले, ते खोटे बोलत नव्हते. रिपोर्ट नॉर्मलच होते. विचारलेला प्रश्न निराळा होता.

मग पहिल्या मुलाच्या रोगाचे नाव कळायचे कसे? मूल आजारी असताना, उपचारांची धावपळ चालू असताना, त्याच्या रक्ताचे थेंब टिपकागदावर घेणे, लघवी राखणे आणि जनुकांच्या तपासणीसाठी थोडे रक्त निराळे काढून ठेवणे हा राजमार्ग. मूल वाचणार नाही असे दिसत असले तरी हे करावे. किंबहुना तेव्हा तर करावेच. रडत्या आईबापांपुढे ही गोष्ट काढणे अवघड असते. डॉक्टरांना संकोच वाटतो, नातेवाइकांना राग येतो. तेथे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने किंवा सोबत आलेल्या मित्राने पुढे होऊन विचारावे : डॉक्टर, जनुकांसाठी रक्त राखून ठेवले का? एवढा प्रश्न पुरे. मूल गेले आणि काहीच राखलेले नसेल, तर आईबापांच्या रक्तावरून दोघे एकाच दोषाचे वाहक आहेत का ते पाहता येते. पण तो मार्ग कच्चा आहे, आणि कधीकधी त्यात अर्थ न लागणारे फरक सापडून गोंधळ वाढतो. पुन्हा हे सर्व व्हायला वेळ लागतो. दिवस गेल्यावर धावाधाव सुरू केली तर आठवडे हातचे निसटतात. दुसऱ्या खेपेच्या आधी, मन थोडे स्थिरावले म्हणजे, हे काम उरकले पाहिजे.

आमच्या ह्या पट्ट्यात त्यात आणखी एक अडचण आहे, जी पुण्याच्या पेठांत नाही. माणच्या खोल्यांत राहणारी मंडळी बीड, लातूर, यवतमाळ, बिहार, ओडिशा येथून आलेली. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मूल माहेरी जन्मते, तालुक्याला आजारी पडते, जिल्ह्याला दगावते. बाप येथे पाळीवर असतो आणि शेवटच्या दिवशी पोहोचतो. कागद मामाकडे, सासऱ्याकडे, नाहीतर परतीच्या एस.टी.त राहतात. कित्येकदा ते जाळूनही टाकतात, अशुभ म्हणून. दोन वर्षांनी तीच बाई येथल्या डॉक्टरांपुढे बसते तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखे एवढेच असते की बाळ सुस्त पडले आणि गेले.

येथवर आल्यावर काहींच्या मनात प्रश्न उठला असेल : गर्भजल परीक्षेला तर कायद्याने बंदी आहे ना? हा प्रश्न महाराष्ट्रात पडावा हे साहजिक आहे, कारण ह्या परीक्षेचा सर्वांत वाईट उपयोग आपण जवळून पाहिला आहे. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ती सुरू झाली ती आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. तिच्यात मुलगा की मुलगी हेही कळते हे लोकांच्या ध्यानात आले मात्र, आणि धंदा उभा राहिला. आज पाचशे रुपये खर्चून उद्याचे पाच लाख वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती निघाल्या. 1986 साली मुंबईतील 50 स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी डॉ. संजीव कुलकर्णी ह्यांनी केली. त्यांतले 42 जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत होते. स्त्री-संघटनांनी व शास्त्राच्या अभ्यासकांनी ह्याविरुद्ध मोहीम उभारली आणि 1988 साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. त्यावरून केंद्राचा 1994 चा कायदा आला, तो 1 जानेवारी 1996 पासून अंमलात आला. पुढे पुण्याची मासूम व मुंबईची सेहत ह्या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर तो 2003 साली अधिक कडक झाला. तरीसुद्धा महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 साली 946 होत्या, त्या 2001 साली 913 आणि 2011 साली 894 झाल्या. तेव्हा ह्या कायद्याचा एक टाकाही उसवता कामा नये, असे आमचे मत आहे.

पण कायदा वाचून पाहावा. त्याने परीक्षा बंद केलेली नाही. लिंगनिदान बंद केले आहे. कोणत्या दोषांसाठी परीक्षा करता येते त्यांची यादी कायद्यातच आहे, आणि तीत आनुवंशिक चयापचय-रोगांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या घरात आनुवंशिक रोगाचा इतिहास आहे त्या घरातील स्त्रीला, नोंदणी झालेल्या केंद्रात, लेखी संमती देऊन ही परीक्षा करून घेण्याचा अधिकार आहे. मुलगा की मुलगी हे तिला, नवऱ्याला वा कोणालाही, शब्दाने किंवा खुणेने सांगायचे नाही, एवढेच. लहान गावातून मात्र ‘ते बेकायदेशीर आहे’ असे एका वाक्यात सांगून बाईला परत पाठवल्याच्या हकीकती आमच्या कानी आल्या आहेत. सांगणाऱ्याची भीती आम्ही समजू शकतो. पण कायद्याने दिलेली वस्तू कायद्याच्या नावाने नाकारली जाणे कामगार माणसाला नवे नाही, आणि म्हणूनच ते आम्ही मुकाट्याने सोडत नाही.

परीक्षेत रोग निघाला तर पुढे काय? हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत लागते. गर्भाच्या गंभीर दोषांसारख्या ठराविक कारणांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे. आणि त्यापुढे मोठा दोष असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयात एक माता गर्भाच्या हृदयदोषाचे कारण घेऊन गेली होती आणि वीस आठवड्यांची तेव्हाची मर्यादा उलटल्यामुळे तिला परवानगी मिळाली नाही. नवी दुरुस्ती येण्यास पुढे तेरा वर्षे लागली. कामावर जाणाऱ्या स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट : प्रसूतिलाभाच्या 1961 च्या कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा हक्काची आहे. ही रजा मागितलेली आम्ही फार क्वचित पाहिली, कारण कारण लिहायची लाज वाटते.

कोणी असेही म्हणेल की रोगी मुलाला जगण्याचा हक्क नाही काय? आहे. जी मुले ह्या रोगांसह आपल्यात आहेत ती आपली आहेत, आणि त्यांच्यासाठी भांडणे हेही आमचेच काम आहे. ह्या परीक्षेचा शेवट गर्भपातातच होतो असेही नाही. पुष्कळ घरांत उत्तर ‘मूल निरोगी आहे’ असे येते, आणि जी बाई धास्तीने दुसरे मूल होऊ देण्यास तयार नव्हती तिची कूस उजवते. काही रोगांत उपाय आहे. तेथे आधी कळले तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात ठरवता येते आणि पहिल्या दिवसापासून योग्य दूध, योग्य औषध देता येते. बायोटिनिडेझ नावाच्या विकराच्या उणिवेत तर बायोटिन ह्या जीवनसत्त्वाच्या स्वस्त गोळ्यांवर मूल चांगले वाढते. ज्या रोगांत काहीही उपाय नाही आणि मूल महिनोन्महिने झिजत जाणार, तेथला प्रश्न निराळा. त्याचे उत्तर व्यासपीठावरून देण्याचा अधिकार आम्हांला नाही.

खर्चाचे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गॉशेसारख्या काही रोगांत गैरहजर विकर बाहेरून शिरेतून देता येते, म्हणजे बदली कामगार मिळतो. पण तो जन्मभर लागतो, आणि मुलाचे वजन वाढेल तसा खर्चही वाढतो. दिल्लीत सायकलरिक्षा ओढणाऱ्या एका बापाच्या गॉशेग्रस्त मुलासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 साली सरकारला औषध मोफत देण्याचा आदेश दिला. ऐपत नाही म्हणून मूल मरू देता येत नाही, हा त्या निकालाचा आशय. 2021 साली दुर्मिळ रोगांचे राष्ट्रीय धोरण आले. त्यात नेमलेल्या केंद्रांपैकी मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे एक. आणि 2022 च्या मे महिन्यापासून अशा केंद्रामार्फत एका रुग्णास 50 लाख रुपयांपर्यंत मदत ठरवली गेली. रक्कम मोठी दिसते. जन्मभराच्या औषधापुढे ती थोड्या वर्षांत संपते. राज्य कामगार विमा योजनेचा आधार आहे, चिंचवडच्या मोहननगरात तिचे रुग्णालयही आहे; परंतु 2017 च्या जानेवारीत पगाराची मर्यादा 21,000 रुपये झाली, आणि ओव्हरटाइम न धरताही मूळ पगार तीवर गेला की कुटुंब योजनेबाहेर पडते. कंपनीच्या गटविम्यात जन्मजात रोगांविषयी कोणते अपवाद घातले आहेत ते करार करण्यापूर्वी वाचावे. पुढल्या करारांत परीक्षेचा आणि जनुकीय सल्ल्याचा खर्च मागण्यांच्या यादीत घालावा असे आम्ही आमच्या सहकाऱ्यांना सांगत असतो. ते हसतात, पाळणाघर मागितले तेव्हाही हसले होते.

तोवर प्रत्येक घराला करता येईल असे एक काम आहे. बाळ आजारी पडले किंवा दगावले तर त्याचे सारे कागद एका पिशवीत ठेवावेत : जन्माची नोंद, रक्ताचे व लघवीचे रिपोर्ट, रुग्णालयातून सोडतानाचा कागद, मृत्यूचा दाखला, आणि कोणत्या प्रयोगशाळेत नमुना राखला आहे त्याची पावती. आधीच्या कोणा भावंडाचे असे झाले असेल तर ते वयासह एका कागदावर लिहावे. नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोन्ही बाजूंचे. अहमदाबादची फ्रीगे, हैदराबादची सी.डी.एफ.डी. अशा संस्थांत ह्या रोगांची तपासणी होते व नमुने आपल्या डॉक्टरांमार्फत जातात. तेथे हीच माहिती पहिल्याने विचारतात. परीक्षेच्या वेळी जे संमतिपत्र पुढे येते, ते त्या स्त्रीला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि त्याची प्रत तिला मिळाली पाहिजे, असे कायदा म्हणतो. ते इंग्रजीत आले तर सही करण्यापूर्वी मराठीत, हिंदीत किंवा तिच्या जी भाषा असेल तीत मागून घ्यावे, आणि ती प्रतही त्याच पिशवीत घालावी.